तंबोऱ्याच्या पोटात

“ऐक,” बंदूचाचा म्हणाले आणि त्यांनी तंबोरा माझ्या कानाशी आणून हळूच कलता केला.

खर्रर... टक्.

“काहीतरी आहे आत,” मी म्हणाले.

“ते मलाबी कळतंय गं. काय आहे ते सांग.”

आता मी काय सांगणार! तंबोऱ्याचा भोपळा केवढा, तर माझ्या कवेत मावणार नाही एवढा. त्याला मागच्या बाजूने उंदराने कुरतडून भोक पाडलेलं, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं. त्या भोकाला डोळा लावला की आत मिट्ट काळोख. बॅटरी लावली की डोळ्याला जागा नाही आणि डोळा लावला की बॅटरीला जागा नाही. चाचा सकाळपासून हेच करत बसले होते. त्यांच्या भुवईला भोपळ्याची धूळ लागली होती आणि मला हसू आवरत नव्हतं.

मी तेव्हा सातवीत होते. दिवाळीची सुट्टी नुकतीच लागली होती. (आता दहावीत आहे, आणि हे सगळं अभ्यास सोडून लिहितेय, तर लवकर लिहून टाकते.) मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्यांची जी गल्ली आहे तिच्या तोंडाशीच आमचा फोटो स्टुडिओ. समोर चाचांचं दुकान. त्यांचं नाव बंदेनवाज, पण सगळ्या गल्लीला ते बंदूचाचा. वय सत्तरीला टेकलेलं. फुटलेली सतार आणा, मान मोडलेला दिलरुबा आणा, चाचा असा जोडून द्यायचे की सांधा शोधून सापडत नसे. फक्त नवीन वाद्य म्हणून करायचे नाहीत. का, असं विचारलं की म्हणायचे, “नवीन करणारे पुष्कळ हायत की. मोडलेलं बघणारं पण कुणीतरी पाहिजे.”

तो तंबोरा आठल्येबाईंचा होता. बाई गाणं शिकवायच्या. त्या दिवशी दुकानात स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर पर्स, आणि चेहऱ्यावर आमच्या वर्गशिक्षिकांचा पेपर वाटताना असतो तसा भाव.

“अहो, उघडा की सरळ,” त्या म्हणाल्या. “तबली काढा, आत काय पडलंय ते बघा आणि परत बसवा. आजवर किती जणांच्या काढल्यात तुम्ही!”

तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर झाकणासारखी बसवलेली लाकडाची पातळ फळी. तिच्यावर घोडी आणि घोडीवरून तारा.

“दुसऱ्या कुणाची पण काढीन बाई. ह्याची नाही.”

“का पण?”

“आवाज जाईल.”

“आवाज आताच गेलाय! षड्ज लावला की खाली कुणीतरी दात खात बसलंय असं वाटतं. हे बघा बंदूभाई, रविवारी मी चालले पुण्याला. लेकीकडे, कायमची. तुम्ही नाही उघडलात तर तिथे कुणाकडून तरी उघडून घेईन. मग मला बोलायचं नाही.”

चाचांनी भोपळ्यावर हात ठेवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. मला एकदम काय झालं कोण जाणे, मी बोलून गेले, “चाचा, मी बघू आत? न उघडता? माझ्याकडे लेन्स आहे.”

“ती मांजराचं नाक फुगवणारी?” चाचा म्हणाले.

“तीच!”

बाई हसल्या. चाचा हसले नाहीत. “शनिवारी संध्याकाळपर्यंत बघ,” ते म्हणाले. “शनिवारी बाईंना उत्तर द्यायचंय मला.”

गुरुवार चालू होता.

*

मांजराच्या नाकाचं असं झालं होतं. उन्हाळ्यात मी मोबाइलला चिमट्यासारखी लावायची फिशआय लेन्स मागवली होती, अगदी स्वस्तातली. फिशआय म्हणजे माशाचा डोळा. पुढचं, बाजूचं, डोक्यावरचं, पायाखालचं, सगळं एकाच गोल फोटोत येतं. पहिल्याच दिवशी मी शाळेच्या जिन्यात तळाशी उभं राहून सरळ वर बघत फोटो काढला, तर तिन्ही मजल्यांचे कठडे गरगर फिरत वर जाऊन गोगलगाईचा शंख झाले होते! रोज त्याच जिन्यावरून धपाधप पळणारी मी, मला कधी दिसलं नव्हतं की आपण शंखातून पळतो. त्या रात्री मला झोप लागली नाही, देवाशपथ. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या मांजराचा अगदी जवळून फोटो काढला, तर नुसतं नाकच नाक, आणि तो मी चाचांना दाखवला होता.

पप्पांना मात्र ती लेन्स मुळीच आवडायची नाही. पप्पा पासपोर्टचे, लग्नाचे, शाळांचे ग्रुप फोटो काढतात. त्यांचं म्हणणं, “सनू, आपल्याकडे माणूस येतो तो आहे त्यापेक्षा बरा दिसायला. आणि तू त्याचं नाक घेतेस पुढे आणि कान पाठवतेस शिरोळला.” माझं नाव सन्मती, घरात सनू.

तर गुरुवारी दुपारी मी कामाला लागले आणि अर्ध्या तासात माझा फुगा फुटला. चिमट्याची लेन्स भोकात जाईना, तिचं तोंड मोठं. मग स्टुडिओच्या खणातून पप्पांच्या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याचा कन्व्हर्टर काढला. हा कॅमेऱ्याच्या लेन्सवर फिरकीने बसवायचा, म्हणजे जास्त रुंद दिसतं. पण तो तर आमटीच्या वाटीएवढा. मोबाइल नुसता भोकाजवळ धरून बघितला तर समोरच्या फळीचा पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा दिसला. बाकी सगळा भोपळा बाहेर!

संध्याकाळी घरी तोंड पाडून बसले होते. बेल वाजली. आई ओरडली, “कोण आहे बघ गं, उगाच उघडू नको दार.” मी दाराच्या काचेला डोळा लावला.

बाहेर पप्पा होते. म्हणजे पप्पांचं डोकं होतं, टरबुजाएवढं. आणि त्यांच्यामागे आख्खा जिना होता, वरचा दिवा होता, खाली समोरच्यांच्या चपला होत्या, डावीकडे मीटरची पेटी, उजवीकडे कुंडी. इंचभर जाडीच्या दाराला पाडलेल्या बोटभर भोकातून हे सगळं!

“अगं उघड की!” टरबूज म्हणालं.

मी दार उघडलं नाही. मी तिथेच उड्या मारत होते.

हार्डवेअरच्या दुकानात त्याला मॅजिक आय म्हणतात. पण दुकान उघडेपर्यंत कोण थांबणार? पप्पा आत येऊन हातपाय धूत होते तेवढ्यात मी नाण्याने फिरवून आमच्याच दाराची काढली. दहा मिनिटांनी आईने दाराकडे पाहिलं.

“दाराचं भिंग कुठंय?”

“शनिवारी परत लावते.”

“सनू, जिन्यातनं सगळं घर दिसेल की लोकांना!”

“नाही गं, उलट्या बाजूने नुसतं भोक आहे.”

“भोकातनंच दिसतं म्हणते मी!” आईने फडक्याचा बोळा करून भोकात कोंबला आणि पप्पांकडे बघून म्हणाली, “तुमचीच पोरगी.”

पप्पा टॉवेलने तोंड पुसत होते. नंतर माझ्यासमोर त्यांनी त्यांचा जुना छोटा डिजिटल कॅमेरा ठेवला, कोपरा फुटलेला, आणि म्हणाले, “मोबाइलने नाही जमणार. ह्याला फुलाचं चिन्ह आहे बघ, अगदी जवळचं टिपायला. ते लाव, आणि झूम कर.”

शुक्रवारचा पूर्ण दिवस मी आमच्या माठाबरोबर काढला. माठ रिकामा केला, आत एक बटण, एक सुपारी आणि एक सेफ्टी पिन टाकली. काळ्या कार्डपेपरची नळी केली, एका टोकाला मॅजिक आय, दुसऱ्या टोकाला कॅमेरा, मध्ये इलेक्ट्रिकची काळी टेप. पहिला फोटो, काळ्या पाटीवर खडूचा एक ठिपका. म्हणजे चित्र आलं, पण वाटाण्याएवढं. झूम केलं, तर नुसतं धुकं. फुलाचं चिन्ह लावलं, परत झूम केलं. धुकं विरलं. पण उजेडच नव्हता. बॅटरी आत सोडली तर सगळं पांढरंफटक. शेवटी दिवाळीच्या दिव्यांची ती बारीक तारेची माळ असते ना, मोहरीएवढ्या दिव्यांची, ती आत सोडली आणि दिव्यांवर टिश्यू पेपर गुंडाळला.

सव्वीसाव्या फोटोत बटण, सुपारी आणि पिन तिन्ही एकदम आली. आणि माठ! माठाच्या आत कुंभाराच्या बोटांच्या रेघा होत्या, गोल गोल गोल, वर निमुळत्या होत गेलेल्या. मी त्या माठातलं पाणी तीन वर्षं पीत होते.

त्या दिवशी मी वहीच्या चौकटीच्या पानाचे पण फोटो काढले. उगाच, गंमत म्हणून. कडेच्या सगळ्या रेघा धनुष्यासारख्या वाकल्या. फक्त बरोबर मधून जाणारी उभी रेघ आणि मधून जाणारी आडवी रेघ, या दोन सरळ राहिल्या. मी पान फिरवून बघितलं, तिरकं करून बघितलं. मधून जाईल ती सरळ. मला वाटलं, चला, काहीतरी कळलं.

*

शनिवारी दुपारी तीनला मी दुकानात गेले. चाचांनी तंबोऱ्याच्या तारा सैल केल्या, जुन्या गोधडीवर त्याला पालथा ठेवला आणि स्वतः शेजारी मांडी घालून बसले.

“लागणार नाही ना कुठं?”

“नाही चाचा.”

“ओरखडा?”

“नाही हो!”

“हात का थरथरतोय मग?”

“तुम्ही बघताय म्हणून!”

ते भिंतीकडे तोंड करून बसले. खरंच बसले! मी दिव्यांची माळ हळूहळू आत सोडली. मग नळीचं तोंड भोकात बसवलं, कडेने टेप लावली, आणि माळेचं बटण दाबलं.

पहिला फोटो हलला. दुसऱ्यात एक दिवा बरोबर भिंगासमोर आला, सूर्य उगवल्यासारखा. माळ जरा ओढून घेतली. तिसरा काढला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं.

मी पडद्यावर आणखी वाकले.

तो भोपळा नव्हता. तो घुमट होता. केवढा तरी मोठा, सोन्याच्या रंगाचा, आणि मी त्याच्या मधोमध अधांतरी तरंगत होते. चारी बाजूंनी भिंती गोल गोल उठत होत्या, त्यांच्यावर कसल्या तरी नाजूक शिरा, वाळूवर पाणी ओसरल्यावर राहतात तशा. समोर लाकडाचं विस्तीर्ण अंगण, त्याच्यावर रेघाच रेघा. आणि दूर एका टोकाला, जिथे भोपळा संपून दांडी सुरू होते तिथे, एक काळोखा दरवाजा. त्या दरवाजाच्या पलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं. माझ्या तळहातावर मावणाऱ्या पडद्यात मला असं वाटलं की आपण मोठ्याने हाक मारली तर तिकडून उत्तर येईल.

“चाचा,” मी हळूच म्हणाले. का हळू, माहीत नाही. देवळात बोलतो तसं आपोआप निघालं. “चाचा, इकडे बघा.”

त्यांनी चष्मा लावला. वाकून पडद्यात डोकावले. मला वाटलं, आता म्हणतील शाब्बास. पण ते बघतच राहिले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू मिटत गेला.

“वाटलंच मला,” ते म्हणाले. “ही फळी माझी नव्हे.”

“कुठली फळी?”

“तबली. रेघा बघ हिच्या. कशा वाकल्यात कडेला. मी लावली होती ती सरळ रेघांची होती. निवडून घेतली होती मी. वरनं पॉलिश काळं, म्हणून इतकी वर्षं कळत नव्हतं.”

“तुम्ही लावली होती? हा तंबोरा तुम्ही केलाय?”

“मी केला होता,” चाचा म्हणाले. त्यातलं ‘होता’ त्यांनी असं म्हटलं की मी त्यांच्याजवळ सरकले.

मग त्यांनी सांगितलं. सोळा वर्षांचे असताना त्यांनी केलेला हा पहिला तंबोरा. भोपळा निवडण्यापासून सगळं एकट्याने. आणि त्यांच्या अब्बांची रीत अशी होती, की शिकणाऱ्याचं काम चुकलं तर रागवायचं नाही, सांगायचं नाही, काहीच नाही. गुपचूप उघडायचं, स्वतः नीट करायचं, गुपचूप बंद करायचं.

“माझ्या दोन चुलतभावांचं असं झालं,” चाचा म्हणाले. “सकाळी येऊन बघावं तर आपलं काम आपलं राहिलेलंच नसायचं. मी हा बंद केला आणि दुसऱ्या दिवशी मावशीकडं लग्नाला हुबळीला गेलो. आठ दिवसांनी आलो तर तारा चढवलेल्या. अब्बांनी माझ्यासमोर छेडला. पोरी, काय सांगू तुला. असला आवाज! सोळा वर्षांच्या पोराच्या हातनं असला आवाज निघत नसतो. मी अब्बांकडं बघितलं. ते काय बोलले नाहीत. मी समजलो.”

“विचारलं नाही तुम्ही?”

“अब्बांना?” चाचा पहिल्यांदा हसले. “अब्बांना विचारायचं?”

“आणि मग?”

“मग काय. लोक येतात, म्हणतात, बंदूचाचा, आठल्येबाईंच्या तंबोऱ्यासारखा एक करून द्या. कुठनं करून देऊ? तो माझा असता तर केला असता की. अब्बा जाऊन तीस वर्षं झाली. मोडलेलं जोडत बसलो, ते बरं. त्यात आवाज आधीच कुणीतरी दुसऱ्यानं भरून ठेवलेला असतो.” त्यांनी पडद्यावरून नजर काढली. “उघडला नाही तोवर थोडी शंका तरी होती मनात. म्हणून उघडत नव्हतो. आता तुझ्या भिंगानं मिटवली ती. बरं झालं. उघडून टाकतो आज, संपवतो एकदाचं.”

ते उठले आणि तबली सोडवायची पातळ पट्टी शोधायला लागले.

मी बसले होते तिथेच बसले. मी दोन दिवस खपून हे करायला आले होते? पन्नास वर्षं जपलेली शंका एका फोटोने खलास करायला? मी परत पडद्याकडे बघितलं. वाकलेल्या रेघा. कडेला जास्त वाकलेल्या, आत येतील तशा कमी...

“चाचा! थांबा!” मी इतक्या मोठ्याने ओरडले की समोरून पप्पांनी स्टुडिओचा पडदा बाजूला केला. “ही लेन्स खोटारडी आहे!”

“काय?”

“हिला सरळ दिसतच नाही! ती सगळ्यालाच वाकवते!” मी टेप ओरबाडून नळी भोकातून काढली आणि तशीच दुकानाच्या खिडकीवर रोखून फोटो काढला. “हे बघा. तुमच्या खिडकीचे गज.”

फोटोत गज दोन्हीकडून पोट सुटल्यासारखे फुगले होते. चाचांनी पडदा बघितला. मग ते उठून खिडकीपाशी गेले आणि खरोखरच्या गजावरून त्यांनी वरपासून खालपर्यंत हात फिरवला. परत येऊन पडदा बघितला. परत गेले आणि दुसऱ्या गजावरून हात फिरवला!

“मधला गज बघा, चाचा. बरोबर मधला. तो सरळ आहे ना? मधून जाते ती रेघ हिला वाकवता येत नाही. आता तबलीचा फोटो बघा. मधली रेघ.”

त्यांनी चष्मा कपाळावर घेतला आणि पडदा नाकाजवळ नेला. एक रेघ फोटोच्या बरोबर मधून जात होती, घोडीच्या खालून थेट त्या काळोख्या दरवाजापर्यंत. आखल्यासारखी सरळ.

“मी नळी परत भोकात बसवते आणि जरा सरकवून काढते. मग शेजारची रेघ मध्ये येईल. ती पण सरळ आली तर?”

“काढ,” चाचा म्हणाले.

मी काढला. शेजारची सरळ आली आणि आधीची सरळ असलेली वाकली. आणखी सरकवलं. तिसरी सरळ आली.

“सरळ रेघांची आहे,” चाचा म्हणाले.

“म्हणजे तुमचीच!”

“फळी माझी असेल.” ते इतक्या सहजासहजी ऐकणारे नव्हते. “अब्बा चांगली फळी टाकून देत नसत. काढून, आतलं नीट करून, तीच परत बसवली असणार. फळीवरनं काय कळतंय?”

पण हातातली पट्टी त्यांनी खाली ठेवली होती. मी फोटो काढत राहिले. आतला एकही कोपरा सोडायचा नाही असं ठरवून नळी थोडी थोडी कलती करत गेले. खालची बाजू. डावी भिंत. मग वर, दरवाजाच्या शेजारी. तिथला फोटो आला तेव्हा मला वाटलं परत हलला. कारण सगळीकडे भिंत गुळगुळीत आणि तिथे मात्र, दरवाजाच्या उजव्या अंगाला, पांढरट जाळं होतं. कोळ्याच्या जाळ्यासारखं, पण जाड. आणि त्यात काहीतरी टपोरं अडकलं होतं, एक, दोन, सात-आठ.

“चाचा, हे काय आहे? उंदराचं घर?”

त्यांनी बघितलं.

“मोठं कर.”

मी मोठं केलं.

“अजून.”

त्यापेक्षा मोठं होत नव्हतं. पण आता मलाही दिसलं. बिया होत्या त्या. भोपळ्याच्या बिया, वाळलेल्या गरात चिकटलेल्या.

चाचांनी डोळे मिटले. मला वाटलं त्यांना बरं वाटत नाही की काय. मग त्यांच्या गळ्यातून कसला तरी आवाज आला आणि मला कळायला जरा वेळ लागला, की ते हसतायत. चष्मा काढून हसतायत, डोळे पुसतायत, परत हसतायत.

“काय झालं?”

“अगं, तो माझा आळस आहे!”

“आळस?”

“भोपळा आतनं खरवडून घ्यायचा असतो. गर नको, बी नको, काय नको. पण तिथं, त्या गळ्याच्या कोपऱ्यात हात पोचत नाही. मनगट असं उलटं वळवून खरवडायला लागतं, कळ येते पार खांद्यापर्यंत. आणि मला हुबळीला जायची घाई! नवा सदरा शिवला होता लग्नाला. म्हटलं, एवढा कोपरा कोण बघतंय? राहू दे. आणि केला बंद!” त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार होता. “सनू, अब्बांनी हा उघडला असता ना, तर त्यांचा पहिला हात तिथं गेला असता. पहिला! आमच्या सगळ्यांचे कोपरे ते तिथंच तपासायचे. एक बी ठेवली नसती त्यांनी.”

मी पडद्याकडे बघितलं. बिया जाळ्यात निवांत बसल्या होत्या.

“म्हणजे त्यांनी उघडलाच नाही,” मी म्हणाले.

चाचांनी हळूच मान डोलावली.

*

पाचला आठल्येबाई आल्या. “काय मग बंदूभाई? उघडायचा ना?”

“नाही,” चाचा म्हणाले, “गरज नाही.” त्यांनी तंबोरा उचलला, भोक जमिनीकडे केलं आणि बाळाला थोपटावं तसा भोपळा थोपटत फिरवत राहिले. बऱ्याच वेळाने गोधडीवर टपकन एक बी पडली. मग दुसरी, त्या जाळ्यातून कधीतरी सुटलेल्या. त्यांनी तंबोरा बाईंच्या कानाशी नेऊन हलवला. काही वाजलं नाही.

“बिया?” बाई म्हणाल्या. “भोपळ्यात बिया कशा राहिल्या? आणि तेही तुमच्या अब्बांच्या कारखान्यात?”

“माझ्या राहिल्या.”

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग पर्स बाजूला ठेवून त्या गोधडीवरच बसल्या. “मी अकरा वर्षांची होते,” त्या म्हणाल्या, “वडिलांबरोबर हा न्यायला आले होते. तुमचे अब्बा म्हणाले, पोराचा हात आहे, मी काही लावलं नाही. हे मी तुम्हाला दहा वेळा तरी सांगितलं असेल. आणि दर वेळी तुम्ही चहा मागवलात.”

“मला वाटायचं, बाप म्हणून बोलले असतील.”

“हं,” बाई म्हणाल्या. “तारा चढवा. ऐकू दे तरी.”

चाचांनी तारा चढवल्या. मला मात्र भोक बुजवायच्या आत आणखी एकदा आत जायचं होतं. म्हणजे, परत कधी जाणार होते मी? मी विचारलं, “बाई, तुम्ही वाजवाल तेव्हा मी व्हिडिओ काढू? आतून?” बाईंनी चाचांकडे बघितलं, चाचांनी मान डोलावली. मी नळी भोकात बसवली, माळ लावली, आणि भिंगाचं तोंड त्या उजव्या कोपऱ्याकडे वळवून पाठीमागे दबून बसले. कॅमेऱ्याचा पडदा आमच्या दोघांच्या मध्ये, मी आणि चाचा, डोक्याला डोकं लावून.

बाईंनी डोळे मिटले आणि पहिली तार छेडली.

आवाज कुठून आला मला सांगता येणार नाही. तो खोलीत नव्हताच, तो माझ्या मांडीखालच्या फरशीतून आला, दातांतून आला. आणि पडद्यावर तो घुमट हलला. खरंच! दिवे थरथरायला लागले, भिंतींवरून सोनेरी उजेडाच्या लाटा फिरायला लागल्या. दुसरी तार, तिसरी, मग खालचा खर्ज. खर्जाला ते पांढरं जाळं एकदम जिवंत झालं. एक एक धागा वेगळा थरथरत होता, आणि त्यातल्या बिया, पन्नासहून जास्त वर्षं तिथे बसलेल्या, प्रत्येक आवर्तनाला शहारत होत्या. गाणं ऐकू येतं हे माहीत होतं मला. ते राहतं कुठे, ते मी पहिल्यांदा बघत होते.

चाचांनी पडद्याकडे बोट नेलं. लावलं नाही. तसंच हवेत धरलं.

थोड्या वेळाने बाईंचा हात थांबला. “झालं का तुमचं?”

“थांबू नका, बाई,” चाचा म्हणाले. “अजून थोडा वेळ वाजवा. मी माझा तंबोरा बघतोय.”